देखणी स्क्रीन, पुसट अक्षरं

रात्री चार्जिंगला लावलेला फोन आपोआप अपडेट होतो आणि सकाळी हातात घ्यावा तर ओळखू येत नाही. बटणं काचेची झालेली, त्यांच्या आरपार वॉलपेपर दिसतोय, आणि काल सहज वाचता येणारं नोटिफिकेशन आज डोळ्यांजवळ धरून वाचावं लागतंय. ॲपलने ९ जून २०२५ रोजी ‘लिक्विड ग्लास’ हे नवं रूप जाहीर केलं आणि सप्टेंबरात आयफोनच्या आयओएस २६ आणि मॅक संगणकाच्या मॅकओएस टाहो या सिस्टिमसोबत ते लोकांपर्यंत पोचलं. काहींना ते फार आवडलं, काहींची वाचताना पंचाईत होऊ लागली. नोव्हेंबरात आलेल्या २६.१ या अपडेटमध्ये कंपनीने काच कमी पारदर्शक करण्याचा ‘टिंटेड’ हा पर्याय देऊ केला.

हा वाद एका कंपनीपुरता नाही आणि नवाही नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली विंडोज व्हिस्टामध्ये ‘एअरो’ नावाची काच आणली होती. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ती काढून टाकली आणि तिच्यासोबत स्टार्ट बटणही गेलं. बटण वर्षभरातच, ८.१ मध्ये परत आणावं लागलं. दर काही वर्षांनी नवं रूप येतं, तक्रारी होतात, मग थोडी माघार घेतली जाते.

‘सुंदर हवं की सोपं हवं’ असं विचारलं की चर्चा आवडीनिवडीवर घसरते. यातल्या बऱ्याच गोष्टी मात्र चक्क मोजता येतात, आणि मोजल्या की भांडण नेमकं कुठे आहे ते कळतं.

इंटरफेस म्हणजे काय

माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जे काही असतं तो इंटरफेस. दाराला मूठ असेल तर आपण ओढतो, सपाट पट्टी असेल तर ढकलतो. पाटी वाचावी लागत नाही, हाताला आपोआप समजतं. ढकलायच्या दाराला कुणी सुंदर पितळी मूठ बसवली तर येणारा प्रत्येक जण आधी ओढणार, मग ओशाळणार. मूठ देखणी आहे यात शंका नाही, पण ती खोटं सांगते.

स्क्रीनवरही तसंच. इथे काय लिहिलंय, कुठे दाबायचं आणि दाबल्यावर काय झालं, हे एका नजरेत कळलं पाहिजे. यापैकी कशातही अडथळा न आणणारं सौंदर्य हवं तेवढं असू द्यावं. ते असायलाच हवं.

सौंदर्य ही चैन नाही

१९९५ साली मासाआकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या स्क्रीनवरच्या बटणांच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. कुठली मांडणी सुंदर वाटते आणि कुठली वापरायला सोपी वाटते, असे दोन प्रश्न विचारले. जी मांडणी सुंदर वाटली तीच सोपीही वाटली. प्रत्यक्षात ती किती सोपी आहे याच्याशी त्या मताचा संबंध बराच कमी होता. पुढे इस्रायलमध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला.

याचा चांगला अर्थ असा की देखणी गोष्ट वापरताना माणूस बिचकत नाही, छोटी चूक झाली तरी पुन्हा प्रयत्न करतो. शिवाय इंटरफेसमधलं बरंचसं सौंदर्य नीटनेटकेपणातून येतं. एका रेषेत आलेल्या कडा, सारखी अंतरं, एकाच कामाला सगळीकडे एकच चिन्ह. यामुळे स्क्रीन देखणी होते आणि शोधाशोधही वाचते. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी काढलेली आयकॉन्स ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या चौकटीत होती. एकूण १,०२४ ठिपके, प्रत्येक एकतर काळा नाहीतर पांढरा. एवढ्यात कचऱ्याचा डबा लगेच ओळखू यावा आणि गोंडसही दिसावा, हे त्यांनी साधलं. तिथे सौंदर्य आणि उपयोग वेगळे काढताच येत नाहीत.

धोका दुसऱ्या बाजूला आहे. नवं रूप लोकांना दाखवून ‘कसं वाटलं?’ असं विचारलं तर उत्तर सौंदर्याचं मिळतं आणि कंपनीला वाटतं सोपेपणाचं मिळालं. म्हणून चाचणीत मत विचारण्याआधी काम द्यावं: अलार्म लाव, हा मेसेज पुढे पाठव, वायफाय बंद कर. किती वेळ लागला, किती वेळा चुकीच्या जागी बोट पडलं, हे मोजावं. आवडलं का, हे शेवटी.

काचेची खरी अडचण

इथे थोडं थांबू, कारण सध्याच्या वादाचं मूळ इथेच आहे.

कॉन्ट्रास्ट म्हणजे अक्षराचा उजेड आणि त्याच्या मागच्या रंगाचा उजेड यांचं गुणोत्तर. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने लिहिलं तर ते जास्त, पिवळ्या शाईने लिहिलं तर कमी. ते १ पासून २१ पर्यंत मोजतात. १ म्हणजे अक्षर आणि मागचा रंग एकच, २१ म्हणजे शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं. वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ सांगितलं आहे. फोन-संगणकाच्या स्क्रीनसाठीही हीच फूटपट्टी सर्रास वापरतात.

आता एक हिशेब करू. फिकट पांढऱ्या काचेचं एक पॅनेल घ्या, २० टक्के अपारदर्शक, आणि त्यावर पांढरी अक्षरं. वॉलपेपर शुद्ध काळा असेल तर काच गडद करडी दिसते आणि कॉन्ट्रास्ट येतो १२.६. अगदी ठसठशीत. आता मागे ढगाळ आभाळाचा फिकट करडा फोटो ठेवा. काच आणखी पांढरी होते आणि त्याच अक्षरांचा कॉन्ट्रास्ट येतो १.४५. अक्षरांचा आकार तोच, रंग तोच, काच तीच. बदललं फक्त मागचं चित्र, आणि ते तुम्ही निवडलेलं आहे.

माझ्या मते पारदर्शकतेची सगळी गोम इथे आहे. कॉन्ट्रास्ट दोघांच्या नात्यातून ठरतो आणि काच वापरली की त्या दोघांपैकी एक जण डिझायनरच्या हातातून निसटतो. नवं रूप जाहीर करण्याच्या कार्यक्रमात दाखवलेल्या चित्रांत काच नेहमी छान दिसते, कारण तिथला वॉलपेपर डिझायनरनेच निवडलेला असतो.

‘मागचं चित्र धूसर केलं की झालं,’ असं पुष्कळांना वाटतं. धूसर करताना प्रत्येक ठिपक्याचा रंग आजूबाजूच्या ठिपक्यांत मिसळतात. त्यामुळे बारीक तपशील जातो आणि मागच्या पानाची अक्षरं पुढच्या अक्षरांत घुसत नाहीत, हा फायदा खराच. पण सरासरी उजेड जवळपास तेवढाच राहतो. फिकट आभाळ धूसर केलं तरी फिकटच. म्हणजे धूसरपणा गोंधळ कमी करतो, कॉन्ट्रास्ट वाढवत नाही.

दुसरा उपाय असा की सिस्टिमने मागचा रंग तपासून अक्षरं आपोआप काळी किंवा पांढरी करावीत. मागे एकसारखा रंग असेल तर हे चांगलं चालतं. रंग कुठलाही असो, काळं आणि पांढरं यांतलं एक तरी ४.५ च्या वर जातंच, हे गणिताने सिद्ध होतं. अडतं ते चट्ट्यापट्ट्यांच्या फोटोवर, जिथे एकाच शब्दाचा अर्धा भाग बर्फावर आणि अर्धा खडकावर येतो. स्क्रोल करताना तर मागचा रंग सतत बदलतो, अक्षरं काळी-पांढरी होत राहतात आणि नजर ठरत नाही.

भरवशाचा उपाय साधा आहे: पांढऱ्या अक्षरांखाली काळ्या रंगाचा अर्धपारदर्शक थर द्यायचा. तो किती दाट हवा, हे सगळ्यात वाईट परिस्थिती धरून, म्हणजे मागे शुद्ध पांढरा रंग आहे असं समजून मोजायचं. ५० टक्के थराने कॉन्ट्रास्ट ३.९५ येतो, म्हणजे नापास. ६० टक्क्यांनी ५.७. ४.५ ची रेषा साधारण ५४ टक्क्यांवर ओलांडली जाते. म्हणजे थर निम्म्याहून जरा जास्त दाट ठेवावा लागतो. ‘टिंटेड’सारखा पर्याय काच दाट करतो, तोही याच दिशेने. वाचायचा मजकूर जिथे आहे तिथे हा थर हवाच. मोठी चिन्हं, सरकपट्ट्या, डॉकची (ॲप्सच्या पट्टीची) कड, अशा ठिकाणी काच खुशाल नितळ ठेवावी.

आणखी एक बाब चाचणीत राहून जाते ती उन्हाची. बाहेर स्क्रीनवर पडलेला उजेड परावर्तित होऊन काळ्यातही मिसळतो आणि पांढऱ्यातही. दोन्हींत सारखीच भर पडल्यामुळे गुणोत्तर घसरतं. घरात जेमतेम पास झालेलं अक्षर उन्हात नापास होतं.

बटण बटणासारखं दिसायला हवं

विंडोज ९५ मधलं करडं बटण आज कुणी सुंदर म्हणणार नाही. पण त्याची वरची आणि डावी कड उजळ होती, खालची आणि उजवी गडद. त्यामुळे ते उंच आल्यासारखं दिसायचं, दाबलं की कडा उलटायच्या आणि बटण आत गेल्यासारखं वाटायचं. चार रेघांत दोन गोष्टी सांगितल्या: मी दाबता येतं, आणि मी आत्ता दाबलं गेलंय.

२०१३ साली आयओएस ७ ने अशा उठावदार सजावटीला रजा दिली. स्क्रीन मोकळी, हलकी झाली. मात्र कित्येक बटणं नुसते रंगीत शब्द उरली आणि मजकूर कुठे संपतो, बटण कुठे सुरू होतं, हे चाचपडून बघावं लागलं. मार्च २०१४ मध्ये ७.१ आलं तेव्हा त्यात ‘बटन शेप्स’ हे सेटिंग होतं, जे बटणांना पुन्हा आकार देतं. रंगावरच सगळी भिस्त ठेवली की रंगांधळ्या माणसाची फार अडचण होते. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष कमी नाहीत. चालू असलेला स्विच हिरवा असावाच, पण त्याची गोळीही दुसऱ्या टोकाला गेलेली दिसावी.

स्क्रोलबारचंही असंच झालं. २०११ मध्ये मॅक ओएस एक्स लायनने तो एरवी लपवायला सुरुवात केली. खिडकी स्वच्छ दिसते, पण खाली आणखी मजकूर आहे हेच कळत नाही. शेवटची ओळ नेमकी खिडकीच्या कडेला संपली तर माणूस समजतो, झालं एवढंच. ओळ अर्धवट कापलेली दिसली तर तो खाली सरकवतो.

बोटाला किती जागा हवी

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवलेला नियम सोप्या शब्दांत असा: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर, तितका ते गाठायला वेळ जास्त. म्हणून ॲपल बोटाच्या लक्ष्यासाठी ४४ बाय ४४ पॉइंट आणि अँड्रॉइड ४८ बाय ४८ डीपी सुचवतं. पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनच्या घनतेनुसार जुळवून घेणारी मापं आहेत.

इथे सौंदर्याशी तडजोड जवळपास करावीच लागत नाही. चिन्ह २४ डीपीचं नाजूक काढा, पण त्याच्याभोवतीचं न दिसणारं दाबक्षेत्र ४८ चं ठेवा. डोळ्याला नाजूकपणा, बोटाला ऐसपैस जागा. शेजारच्या दोन चिन्हांची क्षेत्रं एकमेकांवर चढू न देणं, एवढं पथ्य पाळायचं.

उलटही घडतं. खिडकीचा कोपरा २४ पिक्सेल त्रिज्येने गोल केला तर पूर्वीच्या टोकापासून दिसणारी कड तिरक्या रेषेत सुमारे १० पिक्सेल आत जाते. खिडकी ओढून मोठी करायचं पकडक्षेत्र जुन्याच टोकाशी राहिलं, तर त्यातला बराच भाग खिडकीबाहेरच्या रिकाम्या जागेत पडतो. माणूस दिसणाऱ्या कोपऱ्यावर माउस नेतो आणि काहीच हाती लागत नाही. गोलाई बदलली की पकडक्षेत्रही सरकवायचं असतं, आणि घाईत हेच राहतं.

हालचाल कधी मदत करते, कधी अडवते

खिडकी मिनिमाइझ केली की ती आक्रसत खाली जाते, त्यामुळे ती कुठे गेली ते कळतं. अशी हालचाल कामाची. पण तिला वेळ लागतो. दाबल्यापासून ०.१ सेकंदाच्या आत काही घडलं तर ते लगेच झालं असं वाटतं. सुमारे एका सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही. ०.३ सेकंदाचं ॲनिमेशन एकदा बघायला सुरेख, पण दिवसातून २०० वेळा तेच केलं तर पूर्ण एक मिनिट केवळ वाट बघण्यात जातं. म्हणून वारंवार होणाऱ्या कामाचं ॲनिमेशन आखूड हवं आणि मध्येच तोडता यायला हवं. ते चालू असताना पुढचं बटण दाबलं तर सिस्टिमने ते ऐकलंच पाहिजे.

६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक चित्र तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. काचेमागचं चित्र हललं की धूसर करण्याचा हिशेब त्या वेळात पुन्हा करावा लागतो. नव्या चिपला ते जमतं. जुन्या फोनवर मात्र चित्रं गळतात, स्क्रोल अडखळतो, बॅटरीही जास्त खर्च होते.

काहींना तर हालचालीचा त्रासच होतो. आयओएस ७ मधल्या झूम आणि सरकत्या पार्श्वभूमीने चक्कर आणि मळमळ होत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा नाजूक असलेल्यांसाठी हालचाल कमी करण्याचं सेटिंग अत्यावश्यक आहे.

‘सवय होईल हळूहळू’

ही समजूत अर्धी खरी आहे. बटण डावीकडून उजवीकडे गेलं, चिन्ह बदललं, तर दोन-तीन आठवड्यांत हात वळतो. अशी तक्रार आपोआप विरते. पण १.४५ चा कॉन्ट्रास्ट सवयीने ४.५ होत नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, तेही सवयीने परत येत नाही. म्हणून कंपनीने दोन्ही तक्रारी एकाच पिशवीत टाकू नयेत. महिन्याभरानेही तीच माणसं तेच सांगत असतील तर डिझाइन बदलायला हवं.

‘सेटिंग दिलंय ना, नको असेल तर बंद करा’

सेटिंग हवंच. पण कंपनीने आधीच निवडून दिलेली स्थिती, म्हणजे डीफॉल्ट, बहुतेक लोक बदलत नाहीत. ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्यांना ते कुठे आहे हे ठाऊक नसतं, आणि शोधायला जो मेनू वाचायचा तोच पुसट असतो. शिवाय ही सेटिंग्ज ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाखाली असल्याने आपल्याला अपंगत्व नाही, मग तिकडे कशाला जायचं, असं अनेकांना वाटतं. पारदर्शकता बंद केल्यावरचं रूप अनेकदा कुणी निगुतीने तपासलेलंही नसतं, त्यामुळे पॅनेल करडी आणि ओबडधोबड दिसतात. वाचता येणारं रूप हेच मूळ मानून ते देखणं करावं आणि जास्त नितळ काच हौसेने निवडता यावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

देवनागरीची वेगळी गरज

इंटरफेसचे बहुतेक मूळ आराखडे रोमन अक्षरांवर बेतलेले असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. रोमनसाठी पुरेशी असलेली ओळीची उंची आपल्याला कमी पडते. ‘वृत्त’ मधला ऋकार किंवा ‘कीर्ती’ मधला रफार बटणाच्या कडेला कापला जातो तो यामुळे. नाजूक, बारीक वळणाचा फॉन्ट काचेवर ठेवला की आधी अनुस्वार हरवतो, मग मात्रा, आणि ‘मेल’ चा ‘मल’ होतो. ओळीची उंची ठरलेल्या आकड्यात न बांधता मजकुराप्रमाणे वाढू द्यावी आणि चाचणीत अशी मात्रा-रफारांची वाक्यं मुद्दाम वापरावीत, एवढ्याने हे टळतं.

आज आपल्या हातात काय आहे

आयफोनवर आयओएस २६.१ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’ मध्ये ‘लिक्विड ग्लास’ उघडून ‘टिंटेड’ निवडा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘ॲक्सेसिबिलिटी’ मधल्या ‘डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज’ मध्ये ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ आणि ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’ सुरू करा. ‘रिड्यूस मोशन’ शेजारच्या ‘मोशन’ मध्ये आहे. विंडोज ११ वर ‘ॲक्सेसिबिलिटी’ मधल्या ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ मध्ये पारदर्शकता आणि ॲनिमेशन बंद करता येतं, आणि स्क्रोलबार कायम दिसत ठेवण्याचं बटणही तिथेच आहे. अँड्रॉइडवर नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘ॲनिमेशन’ किंवा ‘कॉन्ट्रास्ट’ टाकणं बरं.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दिवसभर वापरून पाहा, म्हणजे नेमकं कशाने बरं वाटलं ते कळेल. काहीच बदलायचं नसेल तर निदान वॉलपेपर गडद आणि एकरंगी ठेवा. पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट त्याने लगेच वाढतो.

आणि एखाद्या ॲपमध्ये मात्रा कापली गेलेली किंवा बटण वाचता न येणारं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून त्या ॲपच्या फीडबॅकमध्ये पाठवा. सोबत फोनचं मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती, अक्षरांचा आकार कितीवर ठेवलाय आणि मागे कुठला वॉलपेपर आहे, हे लिहा. ‘नीट दिसत नाही’ एवढ्यावरून दोष सापडत नाही. या चार गोष्टी दिल्या की डेव्हलपरला तीच स्क्रीन आपल्या टेबलावर उभी करता येते.